आधी चित्र, मग शब्द : जॅक किर्बीची कारकीर्द

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



२० डिसेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या पेपर स्टॉलांवर दहा सेंट किमतीचं एक नवं कॉमिक बुक आलं. मुखपृष्ठावर अमेरिकन झेंड्याच्या रंगांचा पोशाख घातलेला एक तरुण हिटलरच्या जबड्यावर सणसणीत ठोसा लगावतो आहे आणि हिटलर मागच्या मागे कोलमडतो आहे. भोवतालचे नाझी शिपाई गोळ्या झाडताहेत, त्यातली एक तरुणाच्या ढालीवर आपटून उडाली आहे. मागच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवून देणारा घातपाती दिसतो. अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनेचे कागदही तिथेच पडले आहेत. संपूर्ण कथा एका चित्रात सांगून झाली आहे. वाचायचं ते फक्त नाव : कॅप्टन अमेरिका.

पर्ल हार्बरवर हल्ला व्हायला तेव्हा जवळजवळ वर्षभराचा अवकाश होता. युरोपच्या युद्धात आपण पडू नये, असं म्हणणाऱ्यांचा आवाज अमेरिकेत मोठा होता. अशा वेळी हे चित्र काढणारे दोघेही ज्यू घरांतले तरुण होते. जो सायमन सत्तावीस वर्षांचा आणि जॅक किर्बी तेवीस वर्षांचा. अंकाच्या जवळजवळ दहा लाख प्रती खपल्या. त्याबरोबर धमक्यांची पत्रंही आली. कचेरीवर पोलिसांचा पहारा बसवावा लागला आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असं सायमनने आत्मचरित्रात सांगितलं आहे.

कॅप्टन अमेरिका, हल्क, थॉर, ब्लॅक पँथर, ग्रूट ही नावं आज आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ही सगळी पात्रं घडवण्यात ज्याचा हात होता, त्या जॅक किर्बीचं नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. त्याची कारकीर्द पन्नास वर्षांची. त्या अवधीत त्याने अमेरिकन कॉमिक्सची भाषा घडवली. त्या भाषेत गोष्ट चित्रकार सांगतो. धंद्याच्या हिशेबात मात्र चित्रकार म्हणजे पानामागे मजुरी घेणारा कारागीर. या दोन गोष्टींची लढाई म्हणजे किर्बीचं आयुष्य, आणि आजचं व्याख्यान त्या लढाईविषयी आहे.

त्याचं जन्मनाव जेकब कर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील बेंजामिन कपड्यांच्या कारखान्यात कामगार होते. सफोक स्ट्रीटवरच्या त्या वस्तीत एकेका खोलीत माणसं दाटीवाटीने राहत आणि रस्त्यारस्त्यांतल्या पोरांच्या टोळ्या एकमेकींवर तुटून पडत. गच्च्यांवरून, आग लागल्यावर उतरायच्या लोखंडी जिन्यांवरून मारामाऱ्या चालत. किर्बी त्यात असे. पुढे त्याच्या चित्रांतली माणसं ज्या तऱ्हेने अंगावर झेपावतात, धडपडतात, तोल सावरतात, ती तऱ्हा त्याने तिथेच कमावली होती.

चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्याला लाभलं नाही. प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्याने नाव घातलं आणि जेमतेम आठवडाभरात ती सोडली. त्याचे खरे गुरू म्हणजे वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका काढणारे हॅल फॉस्टर, अलेक्स रेमंड आणि मिल्टन कॅनिफ. जोडीला सिनेमा होताच. वस्तीतल्या मुलांनी स्वतः चालवलेल्या 'बॉइज ब्रदरहुड रिपब्लिक' या संस्थेच्या वार्तापत्रासाठी त्याने पहिली व्यंगचित्रं काढली.

१९३५च्या सुमारास तो मॅक्स फ्लायशरच्या ॲनिमेशन स्टुडिओत लागला. काम पॉपायच्या चित्रपटांचं. पात्राच्या दोन मुख्य हालचालींच्या मधली चित्रं काढत बसायचं. रांगेने टेबलं, प्रत्येकाकडे कामाचा छोटासा तुकडा. वडिलांच्या कारखान्यासारखीच ही जागा आहे, असं त्याला वाटलं आणि त्याने ती सोडली. एक गोष्ट मात्र तिथून त्याच्याबरोबर आली. हालचालीचा कुठला क्षण पकडला की आधीचा आणि नंतरचा क्षण बघणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो, याची त्याला जाण आली.

मग वर्तमानपत्रांना मालिका पुरवणाऱ्या छोट्या सिंडिकेट्ससाठी टोपणनावांनी चित्रमालिका काढण्याचे दिवस आले. जॅक कर्टिस, कर्ट डेव्हिस, लान्स किर्बी अशी नावं घेता घेता 'जॅक किर्बी' हे नाव टिकलं. फॉक्स कंपनीत जो सायमन भेटला आणि जोडी जमली. सायमन व्यवहार बघणारा, मुखपृष्ठ रचणारा, प्रकाशकाशी बोलणारा. किर्बी रात्रंदिवस चित्रं काढणारा. टाइमली या मार्टिन गुडमनच्या कंपनीसाठी त्यांनी कॅप्टन अमेरिकाचे दहा अंक केले. नफ्यातला ठरलेला वाटा हाती येत नाही, अशी खात्री पटल्यावर ते प्रतिस्पर्धी कंपनीकडे, म्हणजे आज आपण जिला डीसी म्हणतो तिच्याकडे गेले. टाइमलीच्या कचेरीत तेव्हा मालकाच्या नात्यातला एक पोरगेला मदतनीस होता. त्याची छापून आलेली पहिली गोष्ट म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या तिसऱ्या अंकातला पानपूरक मजकूर. त्याचं नाव स्टॅन ली.

१९४२ साली किर्बीने रोझलिंड गोल्डस्टीनशी लग्न केलं आणि १९४३च्या जूनमध्ये त्याला लष्करात बोलावणं आलं. ऑगस्ट १९४४मध्ये, मुख्य चढाईनंतर सुमारे अडीच महिन्यांनी, तो नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरला. जनरल पॅटनच्या तिसऱ्या सेनेतला तो एक साधा पायदळ शिपाई. हा कॅप्टन अमेरिकाचा चित्रकार आहे हे कळताच त्याच्या लेफ्टनंटने त्याला टेहळणीवर धाडलं. पुढच्या गावात शिरायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि नकाशे, चित्रं काढून आणायची. त्याच हिवाळ्यात त्याचे पाय गारठून काळेनिळे पडले. ते कापावे लागतील असं डॉक्टरांना वाटत होतं, पण वाचले. युद्धाच्या गोष्टी तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या चित्रांतला हिंसाचार कितीही भव्य असला तरी त्यात मार खाणाऱ्याच्या अंगातली कळ दिसते.

परतल्यावर सायमन-किर्बी जोडीने १९४७ साली 'यंग रोमान्स' काढून अमेरिकेत प्रेमकथांच्या कॉमिक्सची लाट आणली. पन्नासच्या दशकात वाईट दिवस आले. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, १९५४ साली सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःच्याच हाताने कडक आचारसंहिता लादून घेतली. अनेक कंपन्या बुडाल्या. त्याच वर्षी सायमन आणि किर्बी यांनी काढलेली स्वतःची मेनलाइन ही प्रकाशनसंस्थाही टिकली नाही. १९५८च्या सुमारास चाळिशीचा, मुलाबाळांचा धनी असलेला किर्बी पुन्हा गुडमनच्याच दारात गेला. आता तिथला संपादक स्टॅन ली होता. कंपनी कशीबशी तग धरून होती आणि दर महिन्याला राक्षसांच्या गोष्टी छापत होती. १९६०च्या अशाच एका गोष्टीत किर्बीने चालतं बोलतं झाड काढलं. तोच पहिला ग्रूट.

नोव्हेंबर १९६१ ही तारीख छापलेला 'फॅन्टॅस्टिक फोर'चा पहिला अंक आला आणि गुडमनच्या या कंपनीचं, म्हणजे मार्व्हलचं, युग सुरू झालं. १९६२मध्ये हल्क आणि थॉर, १९६३मध्ये एक्स-मेन आणि ॲव्हेंजर्स. या काळात किर्बी वर्षाला हजाराहून अधिक पानं काढत होता. लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात छोट्याशा खोलीत त्याचं टेबल होतं. तोंडात सिगार धरून तो पहाटेपर्यंत काम करी. कच्चं रेखाटन सहसा नसेच. थेट पक्की पेन्सिल चाले.

ज्या रीतीने हे अंक तयार होत, ती रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिथून उगवतो. लीकडे संपादन, लेखन आणि कलादिग्दर्शन अशी सगळी कामं होती आणि दर महिन्याला कितीतरी अंक बाहेर काढायचे होते. पूर्ण पटकथा लिहायला सवड नसे. म्हणून दोघं कथेबद्दल बोलत, कधी समोरासमोर, कधी फोनवर, कधी अगदी दोन वाक्यांत. मग किर्बी घरी जाऊन वीस-एक पानांची गोष्ट रचे. प्रसंग कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा, कुठलं पात्र आणायचं, हे सगळं कागदावर ठरे. छापील पानापेक्षा बऱ्याच मोठ्या त्या कागदांच्या समासात तो पेन्सिलीने टिपा लिही : इथे हा काय करतो, का चिडला आहे, काय म्हणेल. ती पानं पाहून ली संवाद लिही. मग अक्षरकार फुग्यांत अक्षरं भरी, इंकर शाई फिरवी आणि शेवटी रंग. या पद्धतीला 'मार्व्हल पद्धत' म्हणतात. अंकावर छापलं जाई : लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक किर्बी. किर्बीला पैसे मिळत ते चित्रांच्या पानांचे. कथा रचल्याचा वेगळा मोबदला नसे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९६६ सालचं. 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या ४८व्या अंकासाठी ठरलं होतं की ग्रह गिळणारा गॅलॅक्टस नावाचा महाकाय देवासमान जीव पृथ्वीवर येतो. पानं आली तेव्हा त्यांत चंदेरी अंगाचा, लाटांवर स्वार व्हायच्या फळीवर उभा राहून अंतराळातून येणारा एक अनोळखी माणूस होता. हा कोण, असं लीने विचारलं. एवढ्या बलाढ्य जीवाला पुढे धाडायला दूत हवाच ना, असं किर्बीचं उत्तर. हाच सिल्व्हर सर्फर. हा किस्सा स्वतः लीनेच पुष्कळदा सांगितला आहे. त्या सर्फरच्या तोंडी लीने जी काव्यमय, उदास भाषा घातली तिच्यामुळे तो वाचकांच्या मनात घर करून राहिला, हेही तितकंच खरं. पण तो जन्मला पेन्सिलीतून.

त्यानंतरच्या ५१व्या अंकाचं पहिलं पान बघा. पानभर एकच चित्र. पावसाची रात्र, आणि फॅन्टॅस्टिक फोर या चौकडीतला दगडी कातडीचा बेन ग्रिम रस्त्यात एकटा उभा. खांदे पडलेले, अंगावरून पाणी ओघळतंय. माणूस असूनही राक्षस होऊन बसलेल्याचं सगळं दुःख त्या उभं राहण्यात आहे. जो सिनॉटने शाईने त्या पावसाला वजन दिलं आहे. त्याच अंकात पुढे दुसऱ्या मितीत शिरणारा चौकडीतलाच रीड रिचर्ड्स दिसतो, तेव्हा किर्बी रेषा बाजूला ठेवून मासिकांतली छायाचित्रं कापून चिकटवतो. स्वस्त कागदावर छापून दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या अंकात कोलाज वापरायचं धाडस त्याने केलं. ऊर्जेचा स्फोट दाखवायला तो काळ्या ठिपक्यांचे पुंजके काढी. त्या पुंजक्यांना आज चित्रकार 'किर्बी क्रॅकल' म्हणतात आणि जगभरचे कॉमिक चित्रकार ते वापरतात.

या बेन ग्रिममध्ये किर्बीने स्वतःला ओतलं होतं. तो सिगार ओढतो. त्याचं बालपण ज्या यान्सी स्ट्रीटवर गेलं, ती लोअर ईस्ट साइडच्या डेलान्सी स्ट्रीटचीच छाया. बेंजामिन हे किर्बीच्या वडिलांचं नाव. पुढे २००२ साली कथेतही बेन ज्यू असल्याचं उघड झालं. पुढच्याच, ५२व्या अंकात वाकांडा या कल्पित आफ्रिकी देशाचा राजा ब्लॅक पँथर आला. अमेरिकेच्या मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समधला हा पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो. त्याचा देश जगातला सर्वांत प्रगत देश आहे, ही कल्पना १९६६च्या अमेरिकेत मांडली गेली.

आता अन्यायाकडे वळू. जानेवारी १९६६मध्ये 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये मार्व्हलवर मोठा लेख आला. त्यात ली तेजस्वी, बोलका, कल्पनांचा झरा, आणि किर्बी कारखान्यातल्या एखाद्या दुय्यम मुकादमासारखा, अशी चित्रं रंगवली होती. किर्बीच्या घरात तो लेख फार लागला. लीने अंकांवर चित्रकारांची नावं ठळकपणे, आपुलकीने छापायला सुरुवात केली, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याचे चटपटीत, भावुक संवाद नसते तर या पात्रांना वाचक एवढा लळा लावून बसले नसते. तरीही जाहीर सभांत आणि मुलाखतींत ली एकटाच निर्माता म्हणून वावरत राहिला. पुढे वयाच्या सत्तरीत किर्बीनेही चिडून सगळंच आपलं म्हणून सांगितलं. दोन्ही टोकं चुकीची आहेत. पण समासातल्या टिपांसह जी मूळ पानं आज पाहायला मिळतात, ती पाहिल्यावर कथेची रचना कोणी केली याविषयी शंका राहत नाही.

१९६८ साली गुडमनने कंपनी विकली. नव्या मालकांनी किर्बीपुढे ठेवलेला करार त्याला अपमानास्पद वाटला. धाकट्या मुलीच्या दम्यामुळे कुटुंब तोवर कॅलिफोर्नियाला गेलं होतं. १९७० साली सलग १०२ अंकांनंतर त्याने 'फॅन्टॅस्टिक फोर' सोडलं आणि तो डीसीकडे गेला.

तिथे त्याने जे केलं ते त्याचं सर्वांत महत्त्वाकांक्षी काम. 'न्यू गॉड्स', 'फॉरेव्हर पीपल', 'मिस्टर मिरॅकल' आणि 'जिमी ओल्सन' या चार मालिकांतून एकच महाकथा. लेखन आणि चित्रं दोन्ही त्याची. जुने देव मेले, आता दोन ग्रहांवर नवे देव आहेत. एक ग्रह मुक्त, दुसरा गुलामांचा. गुलामांच्या ग्रहाचा स्वामी डार्कसाइड. त्याला हवं आहे ते सूत्र, ज्याने सगळ्या जिवांची इच्छाशक्तीच हातात येईल. 'न्यू गॉड्स'च्या सातव्या अंकात तह होतो आणि तहाची अट म्हणून दोन्ही राजे आपापला मुलगा शत्रूच्या हवाली करतात. क्रूराचा मुलगा सज्जनांत वाढतो, सज्जनाचा मुलगा छळछावणीत. फॅसिझमशी लढून आलेल्या शिपायाने लिहिलेली ही कथा आहे आणि तिच्या प्रत्येक पानावर ते जाणवतं. ही मालिका पुरी करून पुस्तकरूपाने कायम विक्रीत राहावी असं त्याचं स्वप्न होतं. ग्राफिक कादंबरीचा बाजार उभा राहण्याच्या पुष्कळ आधी त्याने ते पाहिलं होतं. पण डीसीने १९७२ साली अकरा अंकांवर 'न्यू गॉड्स' बंद केलं. त्याआधी, 'जिमी ओल्सन'मधला सुपरमॅनचा चेहरा त्याने काढला तसा नको म्हणून, तो दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेतला होता.

एक प्रसंग आपल्यालाही जवळचा आहे. रॉजर झेलाझ्नीच्या 'लॉर्ड ऑफ लाइट' या कादंबरीत परग्रहावरची माणसं हिंदू देवदेवतांची रूपं धारण करून राज्य करतात. १९७९च्या सुमारास तिच्यावर चित्रपट काढायचं घाटत होतं आणि त्यातल्या नगरांची, मंदिरांची भव्य चित्रं किर्बीने काढली. चित्रपट झाला नाही. तेहरानमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकन राजनैतिक कर्मचाऱ्यांना जानेवारी १९८०मध्ये सिनेमावाले भासवून बाहेर काढताना सीआयएने हीच पटकथा आणि हीच चित्रं वापरली. पटकथेला नाव दिलं 'आर्गो'.

किर्बीला स्वास्थ्य आणि प्रकृतीचा विमा मिळाला तो शेवटी ॲनिमेशनमध्ये. रूबी-स्पिअर्स या कंपनीसाठी तो नवनव्या पात्रांची रेखाटनं करी आणि तिथे त्याला मानाने वागवत. मार्व्हलशी मात्र मोठी लढाई अजून व्हायची होती. मूळ चित्रांची पानं प्रकाशकाच्या कपाटात राहत. काही चोरीला गेली, काही फेकली गेली. ऐंशीच्या दशकात कंपनीने जुनी पानं चित्रकारांना परत द्यायचं ठरवलं तेव्हा इतरांना एक पानी पावती सही करायला आली. किर्बीला मात्र चार पानी करार आला. कुठल्याही पात्रावर हक्क सांगणार नाही, पानं कंपनी मागेल तेव्हा परत देईन, अशी त्यात कलमं होती. बदल्यात मिळणार होती ८८ पानं. त्याने मार्व्हलसाठी काढलेली पानं दहा हजारांहून अधिक. 'द कॉमिक्स जर्नल'ने प्रकरण लावून धरलं, व्यवसायातल्या शंभराहून अधिक लेखक-चित्रकारांनी सह्यांचं पत्रक काढलं, अलन मूर आणि फ्रँक मिलर यांनी आवाज उठवला. १९८७ साली त्याला सुमारे दोन हजार पानं मिळाली. उरलेली कुठे गेली, ते कंपनीलाही सांगता आलं नाही.

६ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, किर्बी गेला. २००९ साली डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरना मार्व्हल विकत घेतली. त्याच वर्षी किर्बीच्या चार मुलांनी १९५८ ते १९६३च्या निर्मितीवरचे हक्क परत घेण्याच्या नोटिसा दिल्या. अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रकाराने स्वतः निर्माण केलेल्या कामावर त्याचे वारस ठराविक वर्षांनी हक्क सांगू शकतात. मालकाच्या सांगण्यावरून आणि खर्चाने केलेल्या कामावर मात्र नाही. २०११ आणि २०१३ साली दोन न्यायालयांनी किर्बीचं काम दुसऱ्या प्रकारात टाकलं. कागद-पेन्सिलीचा खर्च तो स्वतः करत होता, नोकरीत नव्हता, विमा-निवृत्तिवेतन काही नव्हतं, तरीही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचलं. ते ऐकायचं की नाही हे ठरण्याच्या तीनच दिवस आधी, २६ सप्टेंबर २०१४ रोजी, दोन्ही पक्षांनी तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या. पण पुढच्या महिन्यांत मार्व्हलच्या अंकांवर 'निर्माते : स्टॅन ली आणि जॅक किर्बी' ही ओळ दिसू लागली. १९६१पासून मोजलं तर तिला त्रेपन्न वर्षं लागली.

ज्या कायद्याच्या चौकटीत हे झालं ती अमेरिकेची आहे. पण चित्रकाराला पानामागे पैसे देऊन मोकळं व्हायची सवय तिथल्यापुरती नाही. मराठीत मुलांसाठी चित्रकथा निघतात, मासिकं निघतात, दिवाळी अंक निघतात. आज या सभागृहात संपादक आहेत, प्रकाशक आहेत. त्यांना एकच विनंती. जिथे गोष्ट चित्रांतून सांगितली आहे तिथे चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या टाइपात छापा, मूळ चित्रं छपाईनंतर त्याच्याकडे परत पाठवा, आणि पुनर्मुद्रण झालं तर त्यालाही मानधन द्या.